माळवदी घरांची डागडुजी

पंढरपूर परिसरातील जुन्या वस्त्यांत माळवदी घरे एकमेकांना पाठ लावून उभी असत. घर खणांवर मोजले जाई. दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर पाल्याचा थर आणि पांढरी माती. उन्हाळ्यात असे घर गार राही. मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत होती. पण जुनी न काढता थरावर थर चढत गेल्याने छत फार जड होई.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे अशाच घरांत दगावली. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना सांधणारे आरपार दगडच नव्हते. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र ढासळल्या.

म्हणून समाजबांधवांनी दुरुस्ती करताना प्रथम जादा माती उतरवावी, वाळवी लागलेली तुळई बदलावी, भिंतीत आरपार दगड बसवून घ्यावेत. माळवदावर सिमेंट ओतू नये. (मी ओतले आणि पस्तावलो.) त्याला तडे जातात, पाणी मुरते, लाकूड आतून कुजते व वरून काहीच दिसत नाही. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी बोलून दोन्ही घरांचे काम एकाच उन्हाळ्यात काढावे. एकाने घर पाडले की दुसऱ्याची भिंत पावसात उघडी पडते.