मिशेलचा मायकल केला तर

इतिहासातल्या काळात घडणाऱ्या क्वीअर प्रेमकथेचा नायक बाई आहे की पुरुष, याने काय बदलतं? व्हिज्युअल नॉव्हेलवर, म्हणजे चित्रं आणि मजकुरातून गोष्ट सांगणाऱ्या खेळांवर, लिहिणाऱ्या आमच्यातल्या काहींचं उत्तर ठरलेलं आहे: काहीच नाही. सुरुवातीच्या पडद्यावर खेळणाऱ्याला लिंग निवडू द्यावं आणि पुढे जावं. हे मत मला कधीच पटलेलं नाही. आजच्या काळातल्या कथेत ते चालून जाईल. पण मागच्या काळात कायदा, घर, पगार, रात्री एकटं फिरण्याची मुभा, सगळंच बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं होतं. प्रेमाला वाट काढायची ती यातूनच.

ओतोमे, म्हणजे नायिकेच्या बाजूने खेळायच्या प्रेमकथांच्या, खेळांचा इतिहास पुन्हा सांगत नाही; १९९४च्या ‘अँजेलिक’पासूनची ती वाट वाचकांना पाठ आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात थांबावं असं ठिकाण एकच, २००८चं ‘हाकुओकी’. वडिलांच्या शोधात क्योतोला आलेली चिझुरू मुलाच्या वेषात असते आणि शिन्सेनगुमी या सशस्त्र तुकडीच्या हाती सापडते. ती मुलगी आहे हे म्होरक्यांना लवकरच कळतं, बाकीच्या शिपायांना नाही. म्हणजे बराकीच्या नजरेने पाहिलं, तर म्होरक्यांपैकी एक असलेला हिजिकाता एका पोरसवद्या तरुणाला जपतो आहे. लेखकांनी इथे केवढी मोठी जागा मोकळी सोडली! ही कल्पनेची भरारीही नव्हे. तुकडीत पुरुषांमधल्या प्रेमाचं वारं शिरलं आहे, असं खुद्द तुकडीप्रमुख कोन्दो इसामीने १८६४च्या पत्रात लिहून ठेवलं आहे. नागिसा ओशिमाने १९९९च्या ‘गोहात्तो’ चित्रपटात हीच तुकडी आणि हाच हिजिकाता घेतला, मध्ये मात्र एक देखणा मुलगा ठेवला आणि सगळी तुकडी त्याच्याभोवती घुसळून निघाली. ‘हाकुओकी’त त्या जागी मुलगी आहे, आणि कथेच्या कुठल्याही वाटेने गेलात तरी गोष्ट तिच्या मुलगी असण्यावर येऊन स्थिरावते. खेळ सुंदर आहे, अजूनही काढून खेळतो. पण त्याने दार किलकिलं केलं आणि लगेच लावून घेतलं, ही माझी तक्रार जुनी आहे आणि कायम आहे.

पुरुष नायकाच्या बीएल, म्हणजे पुरुषांमधल्या प्रेमाच्या, खेळांबद्दल थोडक्यात. २०१२चा ‘तायशो मेबियसलाइन’ त्यातला मला सर्वांत जवळचा, कारण मृतांना पाहू शकणारा त्याचा नायक थेट सैन्याच्या कारस्थानात ओढला जातो. जपानच्या तायशो काळात तरुण पुरुषावर राज्याचा हक्क किती घट्ट होता, हे त्याच्या प्रेमात शिरतं. बाकीच्या बऱ्याच बीएल खेळांत काळ म्हणजे किमोनो आणि कंदील एवढंच. त्यांच्यात वेळ घालवू नये.

आता ज्या प्रवाहासाठी मी वर्षानुवर्षं भांडत आलो, त्याकडे येतो: बाईवर प्रेम करणारी बाई, आणि गोष्ट तिच्याच डोळ्यांनी. २०१२च्या ‘अ‍ॅनालॉग: अ हेट स्टोरी’मध्ये ख्रिस्तीन लव्हने जोसन काळातल्या कोरियाची समाजरचना अवकाशयानात नेऊन बसवली आणि बायकांचं दडपलेलं आयुष्य पत्रांतून, रोजनिशांतून उलगडलं. त्यानंतर २०२०च्या एप्रिलमध्ये आला ‘अ समर्स एन्ड: हाँगकाँग १९८६’. कॅनडातल्या ‘ओरॅकल अँड बोन’ या दोन जणांच्या स्टुडिओने तो केला. मिशेल चंग ऑफिसात नोकरी करणारी, आईच्या धाकात वाढलेली, शिस्तीची मुलगी. बुटाची टाच तुटते आणि तिची सॅम वाँगशी गाठ पडते. सॅमचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान आहे. निवडी मोजक्याच, आणि प्रत्येक निवड मिशेलची. शहराच्या डोक्यावर १९९७ टांगलेलं, कारण त्या वर्षी हाँगकाँग चीनला परत देण्याचा चीन आणि ब्रिटनचा करार १९८४मध्येच झालेला.

या खेळात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते धोका कुठून येतो ते. १९८६च्या हाँगकाँगमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्हा होते. तो कायदा १९९१मध्ये बदलला. जॉन मॅक्लेनन या पोलीस निरीक्षकावर याच कायद्याखाली कारवाई होणार होती. जानेवारी १९८०मध्ये तो घरात मृतावस्थेत सापडला आणि चौकशी आयोग बसला. बायकांबद्दल त्या कायद्यात अक्षर नव्हतं. मिशेलच्या दारावर पोलीस येणार नाहीत. तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर आई बसलेली आहे, तिने खाल्लेल्या खस्ता आहेत, लेकीचं लग्न आहे. आता मिशेलचा मायकल करून पाहा. पोलीस येतील, ब्लॅकमेल येईल, नोकरीवर गदा येईल. उशिरा घरी आलेल्या मुलाला आई मात्र कदाचित काहीच विचारणार नाही. नाव आणि सर्वनाम बदललं की पहिल्या प्रसंगापासून सगळी गोष्ट नव्याने लिहावी लागते. लिंग निवडू द्या म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

‘गोष्ट चांगली असली की झालं, कोण सांगतो याने काय फरक पडतो’ असंही ऐकवलं जातं. मराठी वाचकाने तरी हे मान्य करू नये. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये बाईवर प्रेम करणारी सुमित्रा आपल्याला भेटते ती तिच्या मित्राच्या, बापूच्या, निवेदनातून. नाटक १९८१मध्ये रंगभूमीवर आलं, ते धाडस थोरच. पण बापू तिच्या खोलीबाहेर उभा आहे आणि आपणही त्याच्याबरोबर बाहेरच उभे राहतो. मिशेलच्या बाबतीत आपण आत असतो. सॅमला फोन करायचा की नाही, असा प्रश्न तिच्या मनात येतो तेव्हा तो आपल्याही मनात आलेला असतो.

गेल्या काही वर्षांत हे सारं सपाट होत चाललं आहे. मोबाइलवरच्या खेळांत तिकिटं मोजून प्रकरणं उघडतात. सरदार, राण्या, समुराई सगळे एकाच तोंडवळ्याचे. नायिका निवडा किंवा नायक, संवादातलं एक अक्षर बदलत नाही, आणि याला समावेशकता म्हणून मिरवलं जातं. ज्यांना त्या काळात प्रेमाची किंमत मोजावी लागली, त्यांची किंमतच हे खेळ पुसून टाकतात. नव्या मुलांना ‘अ समर्स एन्ड’ सुचवला की ‘त्यात निवडी कमी आहेत’ म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सामग्री तर आपल्या दाराशी पडली आहे. हाँगकाँगला तो कायदा ज्या साम्राज्याने दिला, त्यानेच आपल्याला १८६०मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम दिलं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सुटका मिळायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. १९८७मध्ये भोपाळच्या लीला आणि ऊर्मिला या दोन पोलीस शिपाई बायकांनी गांधर्व विवाह केला. त्यांच्यावर खटला झाला नाही, नोकरी मात्र गेली. मिशेलच्या गोष्टीनंतर एका वर्षाच्या आतबाहेरची ही घटना. तशा दोघींची गोष्ट कोणी करायला घेतलीच, तर आधी तेव्हाच्या बराकी, ड्युटीचे तक्ते आणि बडतर्फीचे आदेश नीट पाहावेत, गोष्ट दोघींपैकी एकीची करावी, आणि लिंग निवडण्याचा तो पडदा पहिल्याच दिवशी काढून टाकावा.