पाळी थांबल्यावर आतड्याचा बांध

लावणीच्या दिवसांत पन्नाशीची बाई कंबर धरून बसली की घरचे "वय झाले" म्हणून मोकळे होतात. कित्येकदा मूळ झिजलेल्या हाडांत असते, आणि हाडांच्या झिजेची एक वाट आतड्यातून जाते, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

आतड्याचे अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींचा एकच थर. अन्नरस आत घ्यायचा, जंतू बाहेर अडवायचे, असा हा बांध. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक त्याचे सांधे बळकट ठेवते. पाळी थांबली की ते घटते, बांध झिरपू लागतो, अंगात दाह वाढतो आणि हाडे पोखरणाऱ्या पेशींना जोर चढतो.

२०१६ साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे उंदरांत दाखवले. संप्रेरक तोडल्यावर साध्या उंदरांची हाडे झिजली. ज्यांच्या आतड्यात जंतूच नव्हते, त्यांची वाचली. उपकारक जंतू चारलेल्यांचीही वाचली.

ताक प्यायल्याने बाईची हाडे वाचतात, असे यावरून ठरत नाही. तरी ताक घालून केलेली नाचणीची आंबील सोडू नये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मला जास्त काळजी वाटते ती दुकानातून आणून रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांची. त्या हेच अस्तर सोलतात. आणि ज्या भगिनींचे गर्भाशयाबरोबर बीजकोशही लवकर काढले गेले, त्यांनी हाडांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना आताच विचारावे.