पगार वाढला, झोप उडाली : एचआरच्या नोकरीत यश कशाने मोजावे?

आष्टी, तळेगाव, आर्वी या भागात शेती आहे, संत्र्याच्या बागा आहेत, पण शिकलेल्या पोरांना पुरेल एवढी नोकरी नाही. म्हणून आपली मुले एमएसडब्ल्यू किंवा एमबीए करून बाहेर पडतात. कुणी बुटीबोरीच्या कारखान्यात, कुणी नागपूरला, कुणी पुण्याच्या कंपनीत 'एचआर'मध्ये लागतो. एचआर म्हणजे मनुष्यबळ विभाग. भरती, हजेरी, पगार, रजा, तक्रारी हे सगळे तिथे चालते. कामावरून कमी केल्याचे पत्रही तिथूनच निघते.

असा मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी आली की लग्नात, विहारात, चौकात एकच प्रश्न होतो, "पॅकेज किती?" त्यानंतर, "प्रमोशन कधी?" "झोप लागते का?" असे मात्र कोणी विचारत नाही. आरोग्याच्या या पानावर आम्ही आज तोच प्रश्न घेत आहोत. कारण यशाचे माप चुकले की त्याची किंमत शरीर भरते.

हे पद आले कुठून?

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी भरती जॉबर करीत असे. कामावर राहायचे तर त्याचा हात ओला करावा लागे. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या शाही कामगार आयोगाने ही मनमानी थांबवण्यासाठी कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्या लोकांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण दिले जाई. त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या काळात कारखान्यातले कामाचे तास कमी करण्याचे काम पुढे सरकले आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

म्हणजे आजच्या एचआरच्या खुर्चीचे एक मूळ कामगाराच्या कल्याणात आहे. पुढे माप बदलले. किती जागा भरल्या, किती लवकर भरल्या, खर्च किती वाचवला, यावर शाबासकी मिळू लागली. मालक आणि कामगार यांच्या मध्ये उभा राहणारा माणूस दोन्हीकडून दाबला जातो. आपल्या मुलांना हा दाब जरा जास्तच लागतो. समोर हात जोडून उभा असलेला कंत्राटी कामगार त्यांना आपल्या बापासारखा, आत्यासारखा दिसतो.

शरीर काय सांगते?

ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते. संकटातून सुटण्यासाठी शरीराची ही तयारी असते आणि ती थोड्या वेळापुरती असते. पण रात्री ११ वाजता साहेबांचा मेसेज आणि सकाळी ६ ला पाळीवर माणसे कमी पडल्याचा फोन, असे रोज चालले तर ही तयारी उतरतच नाही. मग झोप मोडते, पित्त वाढते, चिडचिड घरावर निघते. खर्रा, सिगारेट, दारू हळूहळू वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटणे. नोकरीतला ताण हाताळला गेला नाही की ही अवस्था येते. तिला आळस म्हणू नये.

२०२१ मध्ये याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर दाखवून दिले की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो. हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या अभ्यासातही एक गोष्ट पुढे आली : आपल्या कामावर आपला ताबा कमी असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळला. तेव्हा पद किती मोठे, एवढेच पाहून चालत नाही. कामाचा लगाम किती आपल्या हातात आहे, हेही पाहावे लागते.

आपले माप आपण ठरवावे

पैसा महत्त्वाचा नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घराने वावरात मजुरी करून, कर्ज काढून मुलाला शिकवले, त्या घराला असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. म्हणून पहिले काम हिशेबाचे. कागद घ्या आणि महिन्याला खरोखर किती लागतात ते लिहा : खोलीभाडे, घरी पाठवायचे पैसे, कर्जाचा हप्ता, दवाखाना, थोडी बचत. त्या आकड्यापर्यंत पगार हेच पहिले माप. त्याच्या वर गेल्यावर मात्र प्रत्येक वाढीच्या वेळी विचारावे, हिच्या बदल्यात आपण काय देत आहोत?

त्यासाठी आम्ही पाच प्रश्न सुचवतो.

१. सुटीचा दिवस आपला राहतो का? १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती मोबाइलवर परत देऊन टाकू नये.

२. घरी सांगता येणार नाही असे काम आपल्याकडून करून घेतले जाते का? खोटी हजेरी लिहिणे, दबाव टाकून राजीनामा लिहून घेणे, अशी कामे झोप उडवतात. धम्मात सम्यक आजीविका सांगितली आहे ती याचसाठी.

३. आपण कोण आहोत हे लपवावे लागते का? १९१७ मध्ये बडोद्याला बाबासाहेबांकडे मोठे पद होते, पण शिपाई कागद लांबून टाकत आणि राहायला घर मिळेना. त्यांनी ते शहर सोडले. मान नसलेले पद हे अर्धेच यश असते.

४. यंदा आपल्यामुळे कुणाचे भले झाले? अडलेला पीएफ सुटला, बाळंतपणाची रजा मिळाली, अपघातानंतर ईएसआयचे काम झाले. भरतीतला न्यायही यातच धरावा. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. ही चाळण जिथे लागते त्या टेबलावर बसून अर्ज गुणांवर वाचला जाईल एवढे पाहणे, हे पगाराच्या स्लिपवर न दिसणारे यश आहे.

५. झोप, भूक, रक्तदाब ठीक आहे का?

उत्तरे प्रत्येकाची वेगळी येतील. एक जण पुण्यात मॅनेजर होईल. दुसरी कमी पगारावर नागपूरला येईल, कारण आईबाप थकले आहेत. तिसरा आहे त्याच पदावर राहील, पण सायंकाळी ७ नंतर मुलांचा अभ्यास घेईल. तिघेही यशस्वी आहेत. मात्र रागाच्या भरात नोकरी सोडू नये. दुसरे नियुक्तीपत्र हातात असावे, किंवा निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीला असावा.

घरच्यांनी काय करावे?

शेजारच्या पोराशी तुलना करू नका. सगळ्या घराचे हप्ते एकट्याच्या पगारावर लादू नका. मुलगी किंवा सून एचआरमध्ये असेल तर ऑफिसची पाळी संपल्यावर चुलीची दुसरी पाळी तिच्या एकटीवर टाकू नका. आणि कोणी गावाजवळ बदली घेऊन आले तर "काढून टाकले काय?" असे चारचौघांत विचारू नका.

तब्येतीकडे लक्ष

वय ३० झाले की रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. आरोग्य उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या भागात सिकलसेल बराच आढळतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे 'एसएस' आहे, त्यांनी भरपूर पाणी, विश्रांती आणि अति थंडीपासून बचाव जिथे जमेल अशीच नोकरी पाहावी. नुसते वाहक, म्हणजे 'एएस', असणाऱ्यांना सहसा त्रास नसतो.

दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, रडू येते, असे असेल तर अंगावर काढू नका. टेलिमानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

वर सांगितलेला हिशेबाचा कागद या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहावा. किती पुरे, हे घराने एकदा मिळून ठरवले की कमावणाऱ्याच्या डोक्यावरचा अर्धा भार तिथेच उतरतो.