रॉक वाद्यवृंदातील नादपालट

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. तिचा नाद विधीशी बांधलेला असल्यामुळे वादकाच्या इच्छेनुसार तो सहसा पालटत नाही. रॉक वाद्यवृंदाचे तसे नाही. तेथे विशिष्ट नाद हीच वृंदाची ओळख असते आणि प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रित गीतसंग्रहात ती पुन्हा पारखली जाते. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या वृंदाचा १९८८ मधील पहिला संग्रह पाश्चात्त्य हार्ड रॉकच्या वळणाचा होता. १९९३ मध्ये वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले व आपल्या रचनांत भारतीय संगीताचे अंश आणले. १९९५ मध्ये त्याच नावाचा संग्रह निघाला. अशा पालटाने जुना श्रोता दुरावण्याचा संभव असतो. परंतु केवळ अनुकरणात राहिल्यास स्वतःचा स्वर कधीच सापडत नाही.