निऑन पाटीचा लोड वॅटवरून काढू नका

कौंडण्यपूरच्या कार्तिक यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी रंगीत चमकणाऱ्या कुठल्याही पाटीला आपण ‘निऑन’ म्हणून मोकळे होतो. आज बाजारात त्या नावानं मिळणारी लवचिक पट्टी बहुतेक वेळा एलईडीच असते. ती १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते, तिचा हिशेब सोपा. खरी निऑन म्हणजे वायू भरलेली काचेची नळी. तिच्यामागे ट्रान्सफॉर्मर असतो, आणि घोळ तिथंच होतो.

‘पाटी सव्वादोनशे वॅटची, भागिले २३०, म्हणजे एक अँपिअर. दे जोडून!’ हा हिशेब बल्बला चालतो. १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. गुणाकार ४५० व्हीए, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास दोन अँपिअर. या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर, कपॅसिटर लावलेला नसेल तर, निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून वॅट कमी दिसतात, पण वायरीतून करंट पुराच वाहतो. वायर आणि एमसीबी ठरवताना प्लेटवरचा अँपिअर किंवा व्हीए बघायचा.

मोजायला टाँग टेस्टर उत्तम. पण फेज-न्यूट्रल दोन्ही असलेली अख्खी केबल त्याच्या जबड्यात धरली तर आकडा शून्याजवळ येतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात. मग ‘लोडच नाही’ असा निष्कर्ष निघतो! फक्त फेजची वायर धरा.

सगळ्यात घातक समज एमसीबीचा: तो पडला नाही, म्हणजे सगळं ठीक. या ट्रान्सफॉर्मरची रचनाच करंटला लगाम घालणारी असते. सेकंडरी शॉर्ट झाली तरी प्रायमरीचा करंट फारसा वाढत नाही. ठिणग्या उडत राहतात आणि एमसीबी शांत बसतो. प्रायमरीवरच्या आरसीसीबीलाही हा बिघाड दिसत नाही, कारण सेकंडरीचं वेटोळं वेगळं असतं. त्यासाठी सेकंडरीचा गळतीदोष ओळखून पुरवठा तोडणारा ट्रान्सफॉर्मरच घ्यावा लागतो.

‘व्होल्टेज जास्त, मग वायर जाड’ हेही उलटंच. सेकंडरीत करंट मिलिअँपिअरचा, त्यामुळे तांबं बारीक चालतं. कस लागतो तो इन्सुलेशनचा. तिथं हाय-टेन्शन निऑन केबलच हवी, घरगुती वायर कितीही जाड असली तरी नको.

नळी फुटली की करंट घटतो, म्हणून पाटी निर्धोक झाली असं मात्र नाही. उघड्या टोकांवर तेव्हा पूर्ण व्होल्टेज उभं असतं. साधा मल्टीमीटर ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचा; त्याच्या काड्या तिथं टेकवणं जिवावर बेतू शकतं. आधी मेन स्विच बंद करायचा.