सूरजकुंडाची मोजणी

फरीदाबादजवळ अरवलीच्या खडकाळ टेकड्यांमध्ये सूरजकुंड नावाचा दगडी जलाशय आहे. दहाव्या शतकात तोमर वंशातील सूरजपाल राजाने तो बांधविला, असे परंपरेने मानले जाते. 1987 पासून तेथे भरणाऱ्या हस्तकलांच्या मेळ्यामुळे हे नाव दूरवर पोहोचले. परंतु मेळ्यास येऊन कुंडाच्या पायऱ्यांपर्यंत जाणारे थोडेच.

चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलक याने येथील पायऱ्यांची व चौथऱ्यांची डागडुजी चुन्याच्या गिलाव्याने करविली. आज आपण जे पाहतो त्यात म्हणूनच दोन कालखंडांचे काम मिसळलेले आहे. डागडुजीने वास्तू वाचते हे खरे. पण तीच डागडुजी जुन्या कामाची खूण झाकूनही टाकते. यासाठी कोणत्याही ऐतिहासिक वास्तूस हात लावण्यापूर्वी ती जशी आहे तशी, तिच्या भेगांसह व मोडलेल्या कोपऱ्यांसह, कागदावर उतरवून घ्यावी लागते.

त्यासाठी मुख्यत्वे तीन चित्रे लागतात : वरून पाहिल्यास दिसणारा तळ-आराखडा, वास्तू उभी कापल्यास दिसेल तो छेद, आणि समोरून दिसणारे दर्शनी चित्र. भिंती काटकोनात आहेत असे गृहीत धरून चालत नाही. खोलीच्या चार बाजू मोजल्या तरी तिचा आकार निश्चित होत नाही, कारण चौकोन लोलकासारखा कलू शकतो. एक कर्ण मोजला की तो दोन त्रिकोणांत बांधला जातो. उंचीसाठी पाणसळीने एक आडवी पातळी आखतात व तिच्यापासून वर-खाली मापे घेतात. भिंत किती कलली आहे ते ओळंबा सांगतो.

सूरजकुंडाच्या पायऱ्या वर्तुळाच्या कमानीत उतरतात. त्या वर्तुळाचा मध्य शोधावयाचा कसा? कमानीवरील दोन बिंदूंमध्ये दोरी ताणावी. ही झाली जीवा. तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर म्हणजे शर. जीवेच्या वर्गास शराच्या आठपटीने भागून त्यात शराचा निम्मा भाग मिळविला की त्रिज्या येते. उदाहरणार्थ, जीवा 24 मीटर व शर 1.2 मीटर असल्यास त्रिज्या 60.6 मीटर. आता शर मोजताना केवळ 5 सेंटीमीटरची चूक होऊन तो 1.25 मीटर धरला गेला, तर उत्तर 58.2 मीटर येईल, म्हणजे दोन मीटरांहून अधिक फरक! त्याच वर्तुळात 96 मीटरांची जीवा घेतल्यास शराचे तेवढेच चुकलेले माप उत्तरात 10 सेंटीमीटरांचाही फरक पाडत नाही. अनुभवी मोजणीदार लांब जीवेसाठी खटपट करतो ती याकरिता.

भेगांची नोंद निराळ्या प्रकारे होते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. काही महिन्यांनी काच तडकलेली आढळली, तर वास्तू अजून हलत आहे असे समजावे. तशा स्थितीत केवळ भेग बुजविणे म्हणजे ताप न पाहता कपाळ पुसण्यासारखे होय.

उंच भागांची मापे घेणे धोक्याचे असते. 1858 मध्ये वेत्सलार येथील चर्च मोजताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन स्थापत्यविशारद वरून पडता पडता वाचला, आणि छायाचित्रांवरूनच मापे काढण्याच्या कल्पनेने त्यास झपाटले. आता लेसर किरण फिरवून लक्षावधी बिंदूंची स्थाने अल्पावधीत टिपता येतात. मात्र कोणता दगड तोमरकालीन व कोणता चुना तुघलककालीन, हे त्या बिंदूंवरून आपोआप कळत नाही. ते पाहून लिहिणारा माणूस लागतोच.

मोजणी वास्तूच्या कडेला येऊन थांबूनही चालत नाही. सूरजकुंडापासून जवळच अनंगपूरचा प्राचीन दगडी बंधारा आहे. तो दोन उतारांमधील ओहोळ अडवितो, म्हणून ते उतार आराखड्यात नसतील तर बंधारा तेथेच का बांधला हे उमगणार नाही. या टेकड्यांतून दगड काढण्याचे काम अनेक वर्षे चालले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरीदाबाद भागातील अरवलीतील खाणकाम थांबविले. पण खाणींनी तोवर जेथे जेथे डोंगर कापला होता, तेथील मूळ उताराची कल्पना आता जुन्या नकाशांतील समोच्चरेषांवरूनच करावी लागते.