जमीन आहे, पण म्हातारपणी रोकड कुठून येणार?

नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यात निवृत्तीची तारीख फार थोड्यांना ठाऊक असते. शिक्षक, एसटीतले वाहक, रेल्वेतले कर्मचारी असे मोजकेच त्यात येतात. बाकीच्यांचे काम हातपाय साथ देईनासे झाले की थांबते. पावसाळा सरला की या भागातल्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातची वाट धरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर ती फेडत राबायचे आणि शेवटी हिशेब होऊन उरेल ते घरी आणायचे. कष्ट वर्षभर असतात, पण नगद पैसा वर्षातून एक-दोनदाच हातात येतो. निवृत्तीचे सल्ले मात्र बहुधा दरमहा पगार मिळणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात.

शेतकरी कुटुंबात जमीन हीच म्हातारपणाची पुंजी मानतात. पण इथल्या आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तशी तरतूद आहे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा तर वारसाकडे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या नावावरही करता येत नाही. हे निर्बंध हवेतच. ते नसते तर या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी केव्हाच सावकाराच्या घशात गेल्या असत्या. त्यांची दुसरी बाजू एवढीच, की अशी जमीन पोटाला धान्य देते, पण दवाखान्याचे बिल भरायला तिचे पैसे होत नाहीत. मग शेळ्या, बैलजोडी, चांदीचे दागिने एकेक करून विकले जातात आणि तेही संपले की पुन्हा उचल घेतली जाते. म्हणून जमिनीच्या जोडीला वेगळी रोकड उभी करणे हेच इथले खरे नियोजन आहे.

त्यासाठी 2015 साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना उपयोगी पडते. 18 ते 40 वयाच्या, बँकेत किंवा टपाल खात्यात बचत खाते असलेल्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या कुणालाही तिच्यात येता येते. साठीनंतर महिन्याला 1,000 ते 5,000 रुपये पेन्शनची हमी मिळते. 5,000 रुपयांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिन्याला 210 रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी 577 आणि चाळिसाव्या वर्षी 1,454. उशीर किती महाग पडतो ते या तीन आकड्यांतच दिसते. ऊसतोड कुटुंबांच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही: हा हप्ता सहामाहीही ठेवता येतो. अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला सहामाहीला 1,239 रुपये पडतात. मासिक हप्ता ठेवला तर खात्यात पैसे नसलेल्या महिन्यांत तो थकतो आणि वर दंड लागतो. सहामाही हप्त्यापुरती रक्कम हंगामाच्या हिशेबातून आणि खरिपाचा माल विकल्यावर बाजूला टाकता येते. कुटुंब ऊसतोडीला बारडोलीकडे असले तरी खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो. नवरा आणि बायको दोघांनीही आपापले खाते काढावे. कोयता दोघांचा आहे, तर पेन्शनही दोघांची हवी.

ही पेन्शन पुरेशी आहे, असे मात्र कुणी समजू नये. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर 30 वर्षांनंतरच्या 5,000 रुपयांत आजच्या जेमतेम 870 रुपयांचा बाजार होईल. म्हणजे हा नुसता पाया झाला. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी किसान मानधन योजना आहे. तिच्यात वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते आणि साठीनंतर 3,000 रुपये मिळतात.

गावातली तरुण मुले सुरतेच्या किंवा नवापूरच्या कारखान्यांत लागतात, तिथे प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. नोकरी सुटली की तो काढून मोटारसायकल घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. भविष्यनिर्वाह निधीतली पेन्शन मिळायला एकूण 10 वर्षांची नोकरी भरावी लागते. ती एकाच कारखान्यात झालेली असण्याची गरज नाही. जुने खाते नव्या नोकरीला जोडले तर वर्षे बेरजेत धरली जातात. पैसे काढून घेतले की ती गेली. 15,000 रुपये पगारावर 20 वर्षे भरली, तर महिन्याला निदान 4,285 रुपये बसतात.

पगारदारांचा धोका निवृत्तीच्या दिवशी सुरू होतो. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती. त्यांच्या हाती एकरकमी मोठी रक्कम येते आणि दोन टक्के जास्त व्याजाच्या आशेने ती पतसंस्थेत जाते. खानदेशाने याची किंमत मोजली आहे. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटी 2015 साली अवसायनात गेली आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची कमाई अडकली. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. फलकावर 'सहकारी' लिहिलेले दोन्हीकडे असते, म्हणून गफलत होते. निवृत्तीच्या रकमेसाठी टपाल खात्यातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना कितीतरी सुरक्षित आहे. कमाल 30 लाख रुपये ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात पडते. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर तिमाहीला 61,500 रुपये होतात. 58व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला साठीपर्यंत थांबावे लागत नाही; निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले की झाले.

ज्यांची चाळिशी उलटून गेली आणि हातात काहीच नाही, त्यांच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना उरते. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तर महिन्याला 1,500 रुपये मिळतात. अर्ज अडतो तो बहुधा जन्मतारखेवर. आधार कार्डावर अंदाजाने टाकलेले वय खऱ्या वयापेक्षा कमी असेल, तर तेवढी वर्षे पेन्शन लांबते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बँकेत दुसरे, असेही होते. ही दुरुस्ती पासष्टी आल्यावर करायला गेले की तहसीलच्या खेपा सुरू होतात. पन्नाशीतच आधार, सातबारा आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून नाव आणि तारीख जुळवून घ्यावी आणि प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावून घ्यावे.